महागडा दागिना सदोष निघाला आणि दुकानदार दाद देत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाखो रुपये मोजून घेतलेल्या सोन्या-हिऱ्याच्या दागिन्यात खोट निघाल्यावर लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उत्तरे भारतात, मुख्यतः महाराष्ट्रात केलेल्या खरेदीला लागू आहेत. परदेशातील खरेदीसाठी प्रश्न १४ पाहावा. पत्रे वाचताना एक गोष्ट सारखी जाणवते. बहुतेकांची बाजू खरी असते, पण दागिना दुकानात परत देताना कागद न घेतल्यामुळे ती सिद्ध करता येत नाही. म्हणून घाई असेल त्यांनी निदान प्रश्न ३ तरी पूर्ण वाचावा.

१. दागिन्यात नेमके काय निघाले तर त्याला कायद्याने दोष म्हणता येते?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वस्तूची गुणवत्ता, प्रमाण, शुद्धता किंवा दर्जा यांत, कायद्याने आवश्यक असलेल्या अथवा विक्रेत्याने सांगितलेल्या पातळीपेक्षा जी काही उणीव असेल तो दोष होय. सोने सांगितलेल्या कॅरेटचे नसणे, निव्वळ वजन कमी भरणे, हिऱ्याची प्रत प्रमाणपत्राशी न जुळणे आणि सदोष घडणीमुळे कडी किंवा फास निसटणे हे सर्व त्यात येते. पांढऱ्या सोन्याच्या अंगठीवरचा ऱ्होडियमचा मुलामा रोजच्या वापराने वर्ष-दोन वर्षांत विरळ होऊन खालची पिवळसर झाक दिसू लागते, तो मात्र दोष नव्हे. बावीस कॅरेटच्या पोकळ बांगडीला धक्क्याने पोचा येणे किंवा अत्तराने मोत्याची चमक उतरणे हेही दोषात धरले जात नाही.

वाद होतो तो बहुधा खडा पडल्यावर. दुकानदार म्हणतो, तुम्ही आपटलात. अशा वेळी दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली खडा धरणारे दाते स्वतः पाहावेत. एकच दाता बाहेर वळलेला आणि त्याच्याजवळ ओरखडा असेल, तर तो कापडात अडकला किंवा कशावर तरी आपटला असण्याची शक्यता जास्त. पण सगळेच दाते सारखे बारीक असतील, त्यांची टोके खड्याच्या कडेवर पुरेशी आलेली नसतील किंवा शेजारचे खडेही बोटाने हलत असतील, तर खोट घडणीतच आहे. तसे असल्यास हे निरीक्षण छायाचित्रासह तक्रारीत लिहावे, कारण “खडा पडला” एवढ्या वाक्यापेक्षा त्याला कितीतरी अधिक वजन येते.

२. दोष लक्षात आल्यावर सर्वांत आधी काय करावे?

दागिना घालणे त्याच दिवशी थांबवावे. निखळलेला खडा किंवा तुटलेली कडी वेगळ्या पुडीत ठेवावी. दोषाची जागा, हॉलमार्कचा ठसा आणि पूर्ण दागिना अशी स्वतंत्र, स्पष्ट छायाचित्रे काढावीत. ओळखीच्या सोनाराकडून तात्पुरती झाळ देऊन घेण्याचा मोह अनेकांना होतो, पण तो टाळावा, कारण एकदा दुसऱ्याचा हात लागला की मूळ दोष कोणाचा हे ठरवणे कठीण होऊन बसते. त्यानंतर दुकानाला ईमेल पाठवावा. फोन करायला हरकत नाही, पण फोनवर जे ठरले ते त्याच दिवशी लिहून कळवावे.

३. दुकानवाले म्हणतात, “दुरुस्तीला ठेवून जा, दहा दिवसांनी या.” ठेवावा का?

ठेवायला हरकत नाही, पण पूर्ण तपशिलाची पावती हातात आल्याशिवाय दागिना टेबलापलीकडे जाऊ देऊ नये. काउंटरवर सहसा एक छोटी चिठ्ठी मिळते आणि तिच्यावर “हार – दुरुस्ती” एवढेच लिहिलेले असते. वजन नाही, खड्यांची संख्या नाही, काय बिघडले आहे याचा उल्लेख नाही. पुढे वाद झाल्यास दोष होता याचा एकमेव पुरावा, म्हणजे तो दागिनाच, दुकानदाराच्या ताब्यात असतो. कारागिराने तो नीट करून परत दिला की “दोष कधी नव्हताच, आम्ही फक्त पॉलिश केले” असे म्हणायला वाट मोकळी होते.

पावतीवर पुढील गोष्टी असायलाच हव्यात: तुमच्यासमोर काट्यावर ठेवून मिलिग्रॅमपर्यंत लिहिलेले एकूण वजन, दागिन्यावरचा सहा अक्षरांकांचा एचयूआयडी (हॉलमार्कसोबत असलेला त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक), खड्यांची संख्या, हिऱ्याच्या प्रमाणपत्राचा क्रमांक, तुमच्या शब्दांत लिहिलेला दोष, परत देण्याची तारीख आणि सही-शिक्का. विक्रेत्याने “एवढे लिहायची आमच्याकडे पद्धत नाही” असे सांगितल्यास स्वतः दोन प्रतींत पत्र लिहून न्यावे आणि एका प्रतीवर पोच घ्यावी. पोच द्यायलाही नकार मिळाला, तर दागिना परत घेऊन घरी यावे आणि तो नकार ईमेलने कळवावा. त्या वेळी अवघडल्यासारखे होते, विशेषतः घरोब्याची पेढी असेल तर, हे आम्ही जाणतो. तरीही या मुद्द्यावर माघार घेऊ नये.

परत घेतानाही तितकेच सावध राहावे. दागिना पुन्हा तोलून घ्यावा, कारण पॉलिश करताना थोडी घट येते आणि ती किती आली हे पावतीवर लिहून घेण्याचा तुम्हाला अधिकार आहे. झाळ देताना एचयूआयडीचा ठसा पुसट झाला आहे का, हे पाहावे. प्रमाणित हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला क्रमांक असेल, तर तो भिंगाखाली प्रमाणपत्राशी पडताळावा.

४. बिलावर “विकलेला माल परत घेतला जाणार नाही” असे छापले आहे. मग काहीच करता येत नाही का?

करता येते. सदोष वस्तू परत घेऊन बिलात नमूद केलेल्या मुदतीत, आणि मुदत नमूद नसल्यास ३० दिवसांत, पैसे परत करण्यास नकार देणे ही कायद्याच्या कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. छापील ओळीने ग्राहकाचा हा हक्क जात नाही. केवळ मन बदलले म्हणून दागिना परत करायचा असेल, तर मात्र दुकानाच्या अटी लागू होतात.

५. दुकान पैसे परत देत नाही, पण “एक्स्चेंज करून देतो” म्हणते. ते स्वीकारावे का?

येथे सर्वाधिक लोक फसतात. एक्स्चेंज म्हणजे तुमचा दागिना मोड म्हणून घेणे. त्यात घडणावळ बुडते, हिऱ्याच्या किमतीत कपात होते आणि नव्या दागिन्यावर घडणावळ व जीएसटी पुन्हा द्यावा लागतो. जुना दागिना कंटाळून बदलणाऱ्या ग्राहकासाठी ही योजना ठीक आहे. सदोष माल विकल्याची जबाबदारी मात्र तिच्यामुळे दुकानाकडून तुमच्याकडे सरकते. “मी दागिना मोडीत काढत नसून सदोष वस्तू बदलून मागत आहे, त्यामुळे कोणतीही कपात मान्य नाही” हे वाक्य लेखी द्यावे.

मागणी काय करायची, याचाही नीट विचार करावा. खरेदीनंतर सोन्याचा भाव चढला असेल, तर मूळ रक्कम परत घेतल्यावर त्या पैशांत तेवढे सोने येत नाही. अशा वेळी त्याच वजनाचा, त्याच शुद्धतेचा आणि त्याच प्रतीच्या हिऱ्यांचा निर्दोष दागिना मागणे हिताचे. भाव उतरला असेल किंवा पेढीवरचा विश्वासच उडाला असेल, तर व्याजासह रक्कम मागावी.

६. दागिन्यावर हॉलमार्क आहे. म्हणजे सगळे ठीक आहे असे समजावे का?

हॉलमार्क फक्त सोन्याच्या शुद्धतेबद्दल बोलतो. घडण मजबूत आहे की नाही, हिरा कोणत्या प्रतीचा आहे, खड्यांचे वजन किती, याबद्दल तो काहीही सांगत नाही. सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्क असलेला दागिना दुकानातून विकता येत नाही. आताच्या ठशात तीन खुणा असतात: भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, शुद्धता (बावीस कॅरेटसाठी २२के९१६, अठरा कॅरेटसाठी १८के७५०) आणि सहा अक्षरांकांचा एचयूआयडी. ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये एचयूआयडी घातला की सराफाची नोंदणी, तपासणी केंद्र, दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. हातात कानातले आणि ॲपमध्ये बांगडी असे दिसले, तर ठसाच खोटा असण्याची शंका घ्यावी.

दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे दागिने तसेच कुंदन, पोलकी आणि जडाऊ काम या सक्तीतून वगळलेले आहेत. लग्नासाठी घेतले जाणारे सर्वांत महाग संच बहुधा याच प्रकारचे असतात, म्हणून त्यांच्या बिलावर सोन्याचे निव्वळ वजन आणि कॅरेट लिहून घेणे अधिकच गरजेचे आहे.

७. सोने कमी कॅरेटचे असल्याचा संशय आहे. कोठे तपासावे आणि भरपाई कशी मिळते?

ब्युरोने मान्यता दिलेल्या कोणत्याही तपासणी व हॉलमार्किंग केंद्रात सामान्य ग्राहकालाही दागिना तपासून घेता येतो. ब्युरोने ठरवलेले शुल्क चार दागिन्यांपर्यंत २०० रुपये आणि त्याहून अधिक असल्यास प्रत्येकी ४५ रुपये असे आहे. दुकानातल्या क्ष-किरण यंत्रावर केलेली तपासणी केवळ पृष्ठभाग वाचते. अचूक निष्कर्षासाठी अगदी थोडा नमुना काढून अग्निपरीक्षण करावे लागते.

हॉलमार्क असलेला दागिना कमी शुद्धतेचा निघाल्यास, ब्युरोच्या २०१८ च्या नियमांनुसार फरकाच्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळण्याची तरतूद आहे. उदाहरणार्थ, ५० ग्रॅमच्या पाटल्यांवर ९१६ चा ठसा आहे आणि शुद्धता ८७५ निघाली, तर हजारी ४१ भागांची, म्हणजे २.०५ ग्रॅम शुद्ध सोन्याची तूट झाली. भरपाई ४.१ ग्रॅमच्या किमतीइतकी होते. अहवालासह तक्रार ‘बीआयएस केअर’ वरूनच करता येते.

८. वजनात फसवले गेले असे वाटते. हिशेब कसा तपासावा?

सोन्याचा कॅरेट शुद्धता सांगतो, खड्यांचा कॅरेट मात्र वजन: एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, त्यामुळे पाच कॅरेटचे खडे एक ग्रॅम भरतात. एकूण वजन २४.६०० ग्रॅम आणि खडे पाच कॅरेटचे असतील, तर सोन्याचे निव्वळ वजन २३.६०० ग्रॅम असायला हवे आणि सोन्याचा भाव तेवढ्यावरच लागला पाहिजे. खड्यांचे वजनही सोन्याच्या भावाने लावलेले आढळले, तर ती सरळ जादा आकारणी आहे. काट्याबद्दलच शंका असल्यास राज्याच्या वैधमापनशास्त्र यंत्रणेकडे तक्रार करावी.

९. हिरा प्रमाणपत्राप्रमाणे नाही, किंवा प्रयोगशाळेत तयार केलेला आहे, अशी शंका आहे. सिद्ध कसे करावे?

आधी प्रमाणपत्र कोणी दिले आहे ते पाहावे. दुकानाने स्वतःच्या लेटरहेडवर दिलेला कागद आणि जीआयए किंवा आयजीआय यांसारख्या स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल यांत मोठे अंतर आहे. रंगात किंवा स्वच्छतेत एका पायरीचा फरक दोन प्रयोगशाळांमध्ये पडू शकतो आणि कोंदणात बसवलेल्या हिऱ्याची प्रत अदमासेच ठरते. त्यामुळे तेवढ्यावर तक्रार टिकवणे अवघड जाते. फरक दोन-तीन पायऱ्यांचा असेल तर मुद्दा भक्कम होतो.

प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा नैसर्गिक म्हणून विकणे ही उघड फसवणूक आहे. हा फरक भिंगाने खात्रीलायक कळत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेतील उपकरणेच लागतात. हिरा कोंदणातून स्वतः काढून घेऊ नये, नाहीतर “तुम्हीच बदललात” हा आरोप ठरलेला. दुकानाच्या लेखी संमतीने तो प्रयोगशाळेत पाठवावा. संमती मिळत नसेल तर ग्राहकांच्या तक्रारींवर निकाल देणाऱ्या ग्राहक आयोगाला (प्रश्न १३) ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ खाली दागिना योग्य प्रयोगशाळेकडे पाठवण्याची विनंती करता येते.

१०. पक्के बिल नाही, फक्त अंदाजपत्रकाची चिठ्ठी आहे. तक्रार होऊ शकते का?

होऊ शकते, मात्र खरेदी झाली हे अन्य मार्गांनी दाखवावे लागते: यूपीआय किंवा कार्डाची नोंद, व्हॉट्सॲपवरचे संदेश, दुकानाच्या नावाची डबी आणि सर्वांत उपयोगी म्हणजे एचयूआयडीवरून मिळणारी सराफाची नोंदणी (प्रश्न ६). वस्तू विकून बिल न देणे हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथाच आहे. जीएसटी वाचवण्यासाठी बिल नको म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की ती तीन टक्क्यांची बचत दागिना बिघडला की फार महाग पडते.

११. दागिना भेट मिळाला आहे. तक्रार मी करू की देणाऱ्याने?

खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणारी व्यक्तीही कायद्याने ग्राहक ठरते. मामाने भाचीच्या लग्नात दिलेल्या हाराबद्दल भाची तक्रार करू शकते. तरीही बिल मामाच्या नावावर असेल तर दोघांच्या नावे तक्रार करणे सोयीचे, म्हणजे “खरेदीदार तुम्ही नाही” हा आक्षेप पहिल्याच तारखेला निघत नाही. पुन्हा विकण्यासाठी घेतलेल्या मालाला मात्र हे संरक्षण मिळत नाही.

१२. शोरूम मुख्य कार्यालयाकडे बोट दाखवते आणि मुख्य कार्यालय शोरूमकडे. काय करावे?

दोघांना एकच पत्र, एकाच दिवशी, पोच मिळेल अशा रीतीने पाठवावे. फ्रँचायझी कोणाची हा त्यांच्यातला प्रश्न आहे, ग्राहकाने त्याची उकल करत बसू नये. पत्रात खरेदीची तारीख, बिल क्रमांक, एचयूआयडी, दोष, आतापर्यंतच्या भेटींच्या तारखा, नेमकी मागणी आणि १५ दिवसांची मुदत एवढेच असावे. अपमान कसा झाला याचे वर्णन तीन पानांत करण्याची इच्छा स्वाभाविक आहे, पण त्यात मागणी हरवते.

ऑनलाइन खरेदी असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणे आणि महिन्याभरात निवारण करणे बंधनकारक आहे. पार्सल उघडतानाचे सलग चित्रीकरण अशा वेळी फार कामी येते. मुदत संपल्यावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, तथापि कंपनीच्या वरिष्ठांपर्यंत विषय पोहोचवते आणि पुष्कळ प्रकरणे तेथेच मिटतात.

१३. ग्राहक आयोगाकडे जायचे तर कोठे, किती खर्चात आणि किती मुदतीत?

दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्याहून अधिक असेल तर राष्ट्रीय आयोग. तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते. दागिना मुंबईत घेतला आणि तुम्ही सांगलीत राहत असाल, तर सांगलीचा जिल्हा आयोग चालतो. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, दहा लाखांपर्यंत २०० रुपये, वीस लाखांपर्यंत ४०० आणि पन्नास लाखांपर्यंत १,००० रुपये आहे. वकील सक्तीचा नाही. तक्रार ‘ई-जागृती’ या पोर्टलवरून दाखल करता येते.

विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत, आणि प्रयोगशाळेची तपासणी लागल्यास पाच महिन्यांत द्यावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात याहून बराच अधिक वेळ लागतो, हे गृहीत धरूनच निघावे.

तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हायला हवी आणि नुसता पत्रव्यवहार चालू ठेवल्याने ही मुदत वाढत नाही. “पुढच्या महिन्यात करून देतो” या आश्वासनांवर दीड वर्ष काढलेल्यांनी आता थांबू नये. मुदत उलटली असेल तर विलंबाचे सबळ कारण देऊन तो माफ करण्याचा अर्ज करता येतो. आजीवन देखभालीची हमी लेखी दिलेली असेल आणि ती आज नाकारली जात असेल, तर हा नकार तक्रारीचे नवे कारण आहे, असा मुद्दाही मांडता येतो.

१४. दागिना दुबईत घेतला होता. येथे तक्रार चालेल का?

विक्रेता भारतात नसेल तर येथील आयोगाचा आदेश त्याच्यावर बजावणे व्यवहारात फार अवघड असते. दुबईच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेकडे पर्यटकांनाही ऑनलाइन तक्रार करता येते, तोच मार्ग आधी घ्यावा. आंतरराष्ट्रीय ब्रँडचे भारतात दालन असल्यास हमीपत्रातील अटींनुसार ते दुरुस्ती करून देऊ शकते, मात्र परताव्याची मागणी मूळ विक्रेत्याकडेच करावी लागते.

१५. दागिना चांगला होता, दुकानाने साफ करतानाच पाचूला तडा गेला. हे दोषात येते का?

हे सेवेतील त्रुटीत येते आणि त्यासाठीही आयोगाकडे जाता येते. पाचूतील सूक्ष्म भेगा बहुधा तेलाने भरलेल्या असतात, त्यामुळे ध्वनिलहरींच्या यंत्रात टाकल्यास तेल निघून जाऊन भेगा उघड्या पडतात. मोती आणि ओपल यांनाही ते यंत्र चालत नाही. हे सराफाला माहीत असणे अपेक्षित आहे. मात्र दागिना देताना खडा अखंड होता हे दाखवावे लागेल, म्हणून प्रश्न ३ मधील पावतीवर खड्यांची स्थितीही लिहून घ्यावी.

१६. समाजमाध्यमांवर दुकानाचे नाव घेऊन लिहिले तर चालेल का?

खरे तेवढे, पुराव्यासह आणि शांत शब्दांत लिहावे. “अमुक तारखेला घेतलेल्या हाराचा खडा तीन आठवड्यांत पडला, दोन ईमेलना उत्तर नाही” हे विधान आहे. “हे चोर आहेत” हा आरोप आहे आणि त्यावरून बदनामीची नोटीस येऊ शकते. तक्रार आयोगासमोर असेल तर शक्यतो काहीच लिहू नये.

१७. दुकान तडजोडीला तयार आहे, पण “पूर्ण व अंतिम समाधान झाले” अशा कागदावर आधी सही मागते. करावी का?

दागिना किंवा रक्कम हाती येण्याआधी करू नये. बदलून मिळालेला दागिना तोलून, त्याचा एचयूआयडी ॲपवर पडताळून आणि हिऱ्याचे नवे प्रमाणपत्र पाहून मगच सही करावी. सही केल्याशिवाय दागिना देत नाहीत अशी अडवणूक होत असेल, तर सहीखाली “तपासणीचा हक्क राखून स्वीकारले” असे स्वतःच्या हाताने लिहावे आणि त्या कागदाचे छायाचित्र तेथेच काढून घ्यावे. तडजोडीचा धनादेश असेल तर तो वटल्याशिवाय हेल्पलाइनवरील किंवा आयोगापुढील तक्रार मागे घेऊ नये.